पुठ्ठ्याची झाकणी

१४ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे.

माझ्या हातची कामं लिहितो, तुझ्या अहवालात ती नाहीत म्हणून. टेबलावरचा कागद कॅमेऱ्याला दिसावा यासाठी लाकडी स्टँड, एकोणीस. फळा चमकू नये म्हणून खिडक्यांना पडदे, चार. कार्यशाळेमागे सरावाची खोली, आतून कडी लागणारी, एक. पुठ्ठ्याची झाकणी, एक.

विद्यापीठानं ऑनलाइन शिकवण्याची महागडी यंत्रणा आणली, तीनदा प्रशिक्षण ठेवलं. प्राध्यापक फिरकले नाहीत. मी इथला सुतार, कुठला शिकलेला! पण मला दिसलं, की अडतंय ते यंत्रापाशी नाही. चारचौघांत हसं होईल, ही धास्ती. म्हणून ती कडी. एकेक जण यायचा, मनातलं बोलायचा. मी ते वहीत टिपायचो आणि त्याप्रमाणे वस्तू घडवायचो. "वही बाहेर जाणार नाही," हा प्रत्येकाला शब्द. वर्षभरात बत्तिसांतले एकोणतीस जण शिकवू लागले.

गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, शिकवताना पडद्यावर माझंच तोंड दिसतं हो. ओठ वाकडा झाल्यापासून मी आरसासुद्धा टाळते." पडद्यावरचा त्यांचा चौकोन बरोबर झाकला जाईल अशी झाकणी मी कापून दिली. लावून बघितली नि हसल्या, "आता कशी देखणी दिसतेय!"

सुटीत तू आलास. "दादा, दोन दिवस वही वाचतो रे, नुसतं समजून घ्यायला." दिली. सख्खा भाऊ, त्यात स्वतः प्राध्यापक. तुझ्यापासून काय लपवायचं?

त्या वहीवरून केलेला अहवाल सुबक छापलाय. पान एकेचाळीस: "चेहऱ्यात व्यंग असलेली गणिताची ज्येष्ठ प्राध्यापिका." नाव कुठे घातलंय, म्हणतोस. अरे, इथे गणिताला बाई एकच आहेत!

सोमवारी त्या आल्या, झाकणी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या. सरावाच्या खोलीची कडी त्यानंतर कुणी लावलेली नाही. त्यांना दोष देत नाही. शब्द माझा होता. तो तुझ्या हाती दिला, ही चूकही माझीच.

वही टपालानं पाठव. तू येऊ नकोस.

गेल्या सोमवारपर्यंत तुझा,
दादा

ता. क. फोनवर म्हणालास, "त्या वहीला कोण विचारतंय, दादा?" यंत्रणा विकणाऱ्या कंपनीचा माणूस गेल्या वर्षी विचारत आला होता. कोण कशाला घाबरतं, एवढंच त्याला हवं होतं. मी पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडून आलो. नुसत्या वहीचे नऊ लाख देत होता.