अर्धी गोळी

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भुरीला ताप! कान तव्यासारखे गरम. आज कंपनीला सुट्टी, म्हणून लक्षात तरी आलं. सासूबाई – आत्या – देवळात गेल्या होत्या. तापाच्या गोळ्या डबाभर पडल्यात. आमच्याकडे ताप, कंबर, दात, सगळ्याला तीच. अर्धी कुटून दुधातून पाजली. महिनाभर घरभर पडणाऱ्या केसांवरून कुरकुर करणारी मी, आणि मांजराची सेवा करतेय!

तसं मांजर आत्यांचं. चाकणकडचं गाव सोडून आमच्या दिघीच्या फ्लॅटमध्ये येताना त्यांनी एवढंच मागितलं होतं.

गुरुवार, संध्याकाळ

लाळ गळतेय. दोनदा ओकली. रिक्षाने भोसरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, काही खाल्लंय का, घरातली गोळी वगैरे? आत्या भुरीला पदरात धरून माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, "नाही."

काय सांगणार होते? ‘मांजर नको’ म्हणून डोकं खाणारी मीच. आत्यांना वाटलं असतं, हिने मुद्दाम घातलं. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. तापच दिसतोय म्हणाल्या, उद्या पुन्हा आणा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचलं – माणसाची तापाची गोळी मांजराला विष. अर्धीसुद्धा! गेटवर फोन जमा करायच्या आधी डॉक्टरांना लावला आणि सगळं ओकून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, घरी उलटी काढायला जाऊ नका, दूध-तूप काही पाजू नका, गोळ्यांचं पाकीट घ्या आणि आत्ताच्या आत्ता आणा. किती वाजता दिली तेही लिहून घेतलं.

गेटवरूनच रजा टाकून घरी आले तर भुरीचं तोंड सुजलेलं, हिरड्या चहाच्या रंगाच्या. धाप लागलेली. आत्यांना म्हटलं, डॉक्टरांनी बोलावलंय. तेवढंच. त्या बाहेर बाकावर बसल्या, आत उतारा सुरू झाला. भुरीला तिथेच ठेवून घेतलंय.

किती भित्री आहे मी! डॉक्टरांना सांगितलं, घरातल्या माणसाला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांचा फोन. अर्ध्या गोळीच्या मानाने फारच खालावलीय म्हणे. पुन्हा विचारलं, "नक्की अर्धीच ना?" नक्की, मी स्वतःच्या हाताने मोडली होती. तरी त्यांना पटलेलं दिसलं नाही. आत्या कालपासून जेवल्या नाहीत. भुरीची झोपायची रिकामी टोपली उन्हात ठेवलीय, ती आली की गरम लागेल म्हणून. मला त्यांच्याकडे बघवत नाही. भुरी मेली तर? आज सांगणार. काहीही होवो.

शनिवार, सहा वाजता

सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. त्या खालीच बसल्या.

"डाक्टरीन ताप म्हनली. तू गोळी दिली न्हाई म्हनलीस. म्हून त्या सांजच्याला मी अर्धी चारली. सकाळी तू कामावर गेल्याव आनिक अर्धी."

डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. दोघी निघालोय.