देवाने न सांगितलेले गाव

मी, मरिया सहादेव वैरागर, वय अडुसष्ट, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, एकतीस वर्षे मिशनची बायबलबाई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही, करून पाहावा.

एक. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व पुढचे लिंबाचे झाड माझी मुलगी रोझी, हल्ली राहणार राहुरी, हिला द्यावे. घर विकले तरी चालेल. झाड तोडायचे झाले तर खाली कोणी टेकलेले नाही ना, एवढे पाहावे.

दोन. शिवणाचे मशीन माझी मैत्रीण छबूबाई हिच्या नातीला द्यावे. तिची शिवण सरळ येते.

तीन. माझी काळी छत्री शेजारी पुंजाराम याने नऊ वर्षांपूर्वी नेली. ती मी देत नाही, फक्त मागायचे सोडते. यंदाच्या दुष्काळात ती कोणाला लागलीही नाही. मात्र ती सासऱ्याने दिली असे त्याने सांगत फिरू नये.

चार. पायी हिंडताना खांद्याला असायची ती कापडी पिशवी रोझीची. तिच्याबरोबर पुढचा मजकूरही रोझीचाच.

आम्हा बायबलबायांची रीत अशी की पहाटे प्रार्थना करायची आणि मनात जे गाव येईल ते देवाने दिले असे धरून तिथे बायबल सांगायला निघायचे. त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात धाकटा एलिया दहा महिन्यांचा होता. गोवराने तापला होता, तीन दिवस रडणे थांबत नव्हते. यजमान नगरला गेलेले. चौथ्या दिवशी मी त्याला अकरा वर्षांच्या रोझीच्या मांडीवर दिले आणि म्हणाले, "देवानं गाव दिलंय, मला जायला पायजे." संध्याकाळी परतले तेव्हा एलिया गेला होता, आणि रोझी त्याला तसाच धरून बसली होती. म्हणाली, "आई, तुला बोलावताना देवानं आपल्या घरात बघितलं न्हाई का?"

त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही.

रोझी, देवाने मला बोलावले नव्हते. त्या पहाटे माझ्या मनात एकही गाव आले नव्हते. मला ते रडणे ऐकवेना, म्हणून मी खोटे बोलले. ओढ्याकाठच्या चिंचेखाली आडवी झाले आणि दिवसभर झोपले. तशी झोप मला पुन्हा लागली नाही. तू देवावर धरलेला राग माझ्या वाट्याचा आहे, तो मला दे. तुझ्या हातून काही चुकले नव्हते, बाळा.

पिशवी मी खुंटीला टांगली. तीन महिन्यांनी वाडीची छबूबाई, आमच्या धर्माचीही नव्हे, भाकरी बांधून चालत आली. म्हणाली, "तू येईना म्हनून मीच आले. आदी जेव, मग रड." देव वाट दाखवतो असे मी गावोगाव सांगत होते, मला ते त्या दिवशी पटले. पुढे मी पुन्हा निघाले, पण त्याच्या नावावर गाव घातले नाही. माझा हात सोडू नकोस, एवढेच म्हणायची. त्याने सोडला नाही.

पाच. मला एलियाच्या शेजारी पुरावे. आमच्यात दगडावर 'प्रभूमध्ये झोपी गेली' असे कोरतात. माझ्या दगडावर ते कोरायचे की नाही, हे रोझी ठरवील. ती नको म्हणाली तर नुसते नाव पुरे. पाळकसाहेबांनी तिची समजूत घालत बसू नये.

सहा. हे लिहून झाल्यावर मला दिसते की कागद मागे ठेवून मरणे म्हणजे पुन्हा पिशवी उचलून निघून जाणेच आहे. म्हणून उद्या सकाळच्या एस.टी.ने मी राहुरीला जात आहे. छबूबाई सोबत येते. वाटेत काही झाले तर हा कागद आहेच. आज पहाटे प्रार्थनेत मी गाव विचारले नाही. कुठे जायचे ते मला तीस वर्षे ठाऊक आहे.

सही: मरिया सहादेव वैरागर
तिसगाव, ता. १८ मार्च १९७३

साक्षीदार:

१. पुंजाराम कारभारी, तिसगाव. सही माझ्यादेखत झाली. छत्रीचे कलम मान्य.

२. छबूबाई भीमा, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखविला. ऐकून म्हणाल्या, "भाकरी मी बांधते."