निखिलचा होकार

११ नोव्हें., सोम.
निखिलने आमच्या क्लायंट कंपनीची ऑफर घेतली. कळव्याचा पोरगा, जावा डेव्हलपर. २ डिसें.ला जॉइनिंग. आमच्या भरती एजन्सीचे मालक शेट्ये सर, त्यांचं तोंड तरीही वाकडंच. बोलले, "मानसी, मागचे दोघे जॉइनिंगच्या दिवशीच गायब. हा तिसरा गेला तर क्लायंट जाईल, मग मी तुला तरी कशाला ठेवू?" तोंडावर बोलले. मेल्याला लाज नाही.
निखिलला विचारलं, येशील ना रे? "हो मॅम, हंड्रेड पर्सेंट." हंड्रेड पर्सेंटवाल्यांचीच मला धास्ती. पगारावरून भांडणारे बरोबर येतात.

१४ नोव्हें.
अनोळखी नंबर. भालेराव काका, मोहने गावचे. त्यांच्या मुलीचं निखिलशी जमतंय, त्यानेच माझा नंबर दिलेला. "ताई, ऑफर लेटर खरं आहे ना? आमच्या भाचीला खोटं लेटर दाखवून फसवलेलं." मी बोलले, काका, कँडिडेटची माहिती मला देता येत नाही. पटलं त्यांना. मग हळूच, "बरं, तुम्ही स्वतःची मुलगी दिली असती का?"
काका, मी फक्त जावा तपासते.
हसले. जय भीम बोलून फोन ठेवला. चांगला माणूस.

२० नोव्हें.
वाट लागली. निखिलचा मेल. "डिअर स्नेहा मॅम, आपली ऑफर स्वीकारतोय, २ डिसें.ला जॉइन होतो." मी कधीपासून स्नेहा? गाढवाने दुसऱ्या कंपनीच्या एचआरला लिहिलेला मेल मला पाठवला. तारीख पण तीच. फोन उचलत नाही. सरांना सांगायची हिंमत नाही.

२१ नोव्हें.
काका थेट वर्तकनगरच्या ऑफिसात. सहज आलो, बोलले. मोहन्याहून कोण सहज येतं? मेलचं अगदी जिभेवर आलेलं, गिळलं. त्याची गोष्ट मी सांगायची नाही.
मग काकाच बोलत बसले. "पोरगा वाईट नाही ओ. पण सगळ्याला हो म्हणतो. मोठा हॉल घेऊ? हो. छोटा बरा? हो. माझी मुलगी नर्स, बोलली नोकरी सोडणार नाही. हो बोलला. त्याची आई बोलली सोडायला लागेल. तिलाही हो."
ते गेले आणि माझी ट्यूब पेटली. हा लबाड नाही. याला नाही म्हणताच येत नाही.

२२ नोव्हें.
एकदाचा उचलला. "निखिल, हो नकोय मला. दोन्ही कंपन्यांपैकी नाही कोणाला म्हणणार, तेवढं सांग." "मॅम, तुमच्याकडेच यायचंय. पण त्या स्नेहा मॅम इतक्या गोड बोलतात, नाही कसं म्हणू?"
अरे देवा. शेवटी नकाराचा मेल मीच लिहून दिला. इतकी वर्षं नकारच वाचतेय, पाठ झालेत. आभार, खेद, शुभेच्छा. त्याने तसाच पाठवला. नशीब, यावेळी योग्य माणसाला.

२ डिसें., सोम.
आला! आयडी कार्ड गळ्यात घालून फोटो पाठवला. सुटले बाई. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, खाली उतरून मिसळ हाणली. किती दिवसांनी जेवणाला चव. सर फक्त "गुड" बोलले, पण चहा मागवला, माझ्यासाठी पण.
संध्याकाळी काकांचा फोन. रविवारी साखरपुडा. "ताई, तुम्ही यायचंच."

४ डिसें.
निखिलचा मेसेज. "मॅम, तो मेल मस्त होता. तसाच एक लिहून द्याल का? मोहन्याला, काकांना पाठवायचाय."
डोकं बधिर. आधी संताप आला. मग काकांचं वाईट वाटलं, बिचारे हॉल बुक करून बसलेत. मग वाटलं, बरंच झालं, साखरपुड्याआधी तोंड उघडलं. पोरगी सुटली.
पण एक किडा डोक्यात घुसलाय तो जात नाही. "तुमच्याकडेच यायचंय" बोललेला. खरंच यायचं होतं, की फोनवर मी होते म्हणून? त्या दिवशी स्नेहाने विचारलं असतं तर...
जाऊ दे. जॉइन झालाय. माझी नोकरी वाचली, आज तरी.
त्याला लिहिलं, मेल मिळणार नाही. मोहन्याला जा, काकांसमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग.
लगेच उत्तर आलं. "हो मॅम."