प्रल्हादच्या खिशातलं गणित

नेपरव्हिल
7/3/87

प्रिय प्रतिमावहिनी,

सप्रेम नमस्कार. अर्विंगला तुम्ही ठीक असाल. इथे मालिनीचे गुडघे आणि दारातला बर्फ, दोन्ही आपापल्या जागी आहेत. तुम्ही पाठवलेलं मेतकूट पोचलं. या आठवड्यात ऊन पडू लागलं आहे, छपरावरून पाणी ठिबकतं, शेजारीपाजारी खूश आहेत. मला हे दिवस बघवत नाहीत, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी तुम्हाला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मेतकुटावर बोललो. शेवटी तुम्हीच म्हणालात, "विनयभाऊजी, तुम्हाला नक्की काय सांगायचंय?" ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार, म्हणून लिहायला बसलो.

विषय अमितचा आहे. सुट्टीत मित्राकडे जातोय, असं त्याने तुम्हाला सांगितलं असेल. तो २८ तारखेला विस्कॉन्सिनमधल्या, प्रल्हाद बुडाला त्याच तळ्यावर जाणार आहे, बर्फाला भोक पाडून मासे धरायला, आणि तेही गाइड न घेता. मॅडिसनहून फोन करून त्याने मला सगळा बेत सांगितला आणि बर्फाला भोक पाडायचं माझं गिरमिट मागितलं.

मासे हे निमित्त. प्रल्हादच्या जाकिटात सापडलेला जो कागद तुम्ही फोटोशेजारी काचेखाली ठेवला आहे, त्याची त्याने नाताळात झेरॉक्स काढून नेली. म्हणाला, "काका, एव्हरीबडी सेज बाबा चुकले. आय चेक्ड इट थ्री टाइम्स. नंबर्स बरोबर आहेत. मी तिथे उभा राहून दाखवणार."

मी नको म्हणालो. त्याने विचारलं, "का? तुम्हालापण वाटतं बाबा चुकले?" मी म्हणालो, हवा खराब आहे.

वहिनी, ते गणित प्रल्हादचं नाही. माझं आहे.

दर वर्षी आम्हाला बर्फावर नेणाऱ्या म्हाताऱ्या गाइडने त्या मार्चमध्ये यायला साफ नकार दिला. प्रल्हाद म्हणाला, "यार, तो नाही म्हणतोय तर कॅन्सल करू." मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलने मांडलं: अकरा इंच जाडी, दोन माणसं, सामान, वर तिप्पट सेफ्टी. मी पुलांची डिझाइन्स करणारा, शाळा सोडलेल्या म्हाताऱ्याचं काय ऐकायचं! प्रल्हादने कागद नीट पाहिला आणि एकच विचारलं, "हा बर्फ जानेवारीचा की मार्चचा, ते कुठे धरलंयस?" मी हसलो. इंच म्हणजे इंच, म्हणालो. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," असं म्हणून त्याने कागदाची घडी खिशात टाकली, आणि आला.

मार्चचा बर्फ वरून जाड दिसतो, पण आतून जुडीतल्या काड्यांसारखा सुटा झालेला असतो. हे मला नंतर कळलं. प्रल्हाद माझ्या वीस पावलं पुढे होता. मी पोटावर आडवा होऊन मफलर फेकला. तो पोचला नाही.

शेरिफच्या माणसाने तो ओला कागद माझ्यापुढे धरून विचारलं, हा हिशेब कोणाचा? मी म्हणालो, त्याचा. घाबरलो होतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तरी खरं बोलतो. तेराव्याला तुमच्या घरात लोक म्हणत होते, प्रल्हादला फाजील आत्मविश्वास नडला. मी तिथेच बसून चहा पीत होतो. अमितही ऐकत होता.

तुम्ही म्हणाल, अक्षर तर त्यांचंच आहे. आम्हाला कॉलेजात ड्रॉइंग एकाच मास्तरांनी शिकवलं. सगळ्या वर्गाचे आकडे एका साच्यातले. पण इंग्रजी सातला मध्ये आडवी रेघ फक्त मी देतो. प्रल्हादने कधी दिली नाही.

आज आधी हे पत्र टपालात टाकेन आणि मग मॅडिसनला निघेन. अमितला समोर बसवून सांगेन की गणित माझं होतं, ते चुकलं होतं, आणि विचारायला हवा होता तो प्रश्न त्याच्या बाबांनी विचारला होता. तरी माझ्यावर विसंबू नका. पाच वर्षं मी हे उद्यावर ढकलत आलोय. पत्र मिळाल्याबरोबर त्याला फोन करा, आणि मी बोललो नसेन तर तुम्ही सांगा. गिरमिट मी देणार नाही, पण ते कुठल्याही दुकानात मिळतं.

क्षमा मागत नाही. अठ्ठावीस तारखेला तो बर्फावर नसला, की मग मला काय बोलायचं ते बोला.

वर तारीख मुद्दाम इंग्रजी आकड्यांत घातली आहे. काचेखालचा कागद काढा आणि शेजारी ठेवून बघा.

ज्याला तुम्ही आजवर भाऊजी म्हणत आलात, तो
विनय