लेकीच्या घरचं पाणी

अल हैल, मस्कत
१४ सप्टेंबर २०२५

चि. शिवूस,

ताईचे भरपूर आशीर्वाद. तू लगेच म्हणशील, आशीर्वाद द्यायला ही काय आजीबाई झाली? तरी घे. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेल चोळून घ्यायचं असतं, नुसतं कपाटात ठेवायचं नसतं. इथे आम्ही दोघंही बरे आहोत. उकाडा अजून हटत नाही. समुद्र जवळ आहे म्हणून सगळे हेवा करतात, पण त्या दमट हवेत दाराची कडीसुद्धा ओली लागते.

पत्र का लिहितेय असं वाटलं असेल. फोन केला की आबा स्पीकर लावतात आणि शेजारच्या खोलीतून आई उत्तरं देते. व्हॉट्सअॅप तर आबा तुझ्या खांद्यावरून वाचतात. आमचा एसी दुरुस्त करायला येणारा जनार्दन आपल्या तासगावकडचाच आहे, उद्या सुट्टीवर निघालाय. त्याच्या हाती देतेय. तो थेट तुझ्या बँकेत येऊन तुझ्याच हातात देईल.

यांच्या चुलतभावाचं स्थळ तुला आलंय ते कळलं, तुझा प्रश्नही मिळाला. "ताई, कौशिकराजेंना हो म्हणू का?" एवढंच लिहिलंस, पुढे ते हसणारं तोंड टाकलंस. उत्तर देते, पण आधी थोडं इकडचं ऐक.

यंदा मंडळाचा गणपती छान झाला. मला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. मागे स्वयंपाकघरात बायका मोदक वळत होत्या, खिदळत होत्या. मी उठून गेले आणि पदर खोचला, तर सगळ्या गप्प. तृप्ती म्हणून मला इथे कोणी ओळखतच नाही ना. "राणीसाहेब, तुम्ही कशाला? तुम्ही बसा." कोणीतरी खुर्ची आणली, पुसली. मी बसले. पाकळ्या पाडायला माझा हात तुझ्यापेक्षा बरा आहे, आठवतंय? मग आरतीपर्यंत त्या खुर्चीवर बसून बघत राहिले. कोणी वाईट वागलं नाही हं. सगळ्यांनी मानच दिला.

मान हा शब्द आबांचा. बेदाण्याच्या धंद्यात आबांनी दोन हातांनी कमावलं, पण "बेदाणेवाले" ही हाक त्यांना टोचायची. अंबरगडकरांच्या घरातून माझ्यासाठी विचारणा आली तेव्हा आबा आठवडाभर जमिनीवर नव्हते. त्यांच्याकडे नाव होतं, दसऱ्याची पालखी होती, आणि दरबार हॉलचं छप्पर गळत होतं. आपल्याकडे कोल्ड स्टोरेज होतं. छप्पर झालं, लग्न झालं, ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नाव सुनंदिनीराजे लिहिलं गेलं. तू तेव्हा कॉलेजात होतीस, नव्या साडीत नुसती बागडत होतीस.

आमचे हे अल खुवैरला एका कंपनीत अॅडमिन सांभाळतात. तुला माहीतच आहे, आपल्या तालुक्यात राजांनी दुसऱ्याच्या ऑफिसात जाऊन सही करून बसायचं म्हणजे गावभर चर्चा. म्हणून मस्कत. इथे त्यांचा साहेब त्यांना "यल्ला, इंदर", म्हणजे चल रे इंदर, म्हणतो आणि ते हसून उठतात. घरी आले की मात्र इंद्रसेनराजे. मी त्यांना आपण म्हणते, ते मला आपण म्हणतात. "आपण जेवलात?" "आपल्याला ताप आहे का?" ताप असताना कोणी आपल्याला आपण म्हटलं ना, तर ताप उतरत नाही बघ. त्यांच्या आईसाहेबांनी घालून दिलेली रीत आहे आणि त्यांना दुसरी येत नाही. ते सकाळी निघून जातात. मला गाडी येत नाही आणि इथे गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. मी संध्याकाळपर्यंत घरभर फिरते. कधी कधी स्वतःशीच आपल्या बोलीत बोलते, जोरात.

आता आबांचं. आबा मागच्या महिन्यात इथल्या व्यापाऱ्यांना भेटायला आले होते, त्याचं घरी काय वर्णन झालं असेल ते मला माहीत आहे. "जावयबापूंनी लई मान दिला." दिलाच. पण सगळं सांगते.

ते रुवीला हॉटेलात उतरले. आमच्याकडे राहायला आले नाहीत. एका दुपारी आले, सोफ्याच्या कडेला टेकले. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, "नगं पोरी. लेकीच्या घरी नातवंड झाल्याबिगर पानी घ्यायचं नसतंय. राजघरानं हाय, रीत पाळाय पायजे." शिवू, हे तेच आबा, ज्यांनी चुलतबहीण ज्ञानदाच्या घरी तिच्या लग्नानंतर महिन्याभरात मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला होता! पण आबांना वाटतं, मोठ्या घरात रीत मोडली तर आपण बेदाणेवाले ठरतो. बाहेर रस्ता नुसता भाजत होता, त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि ग्लास तसाच टीपॉयवर. यांनी सकाळीच स्वतः बाजारातून मासळी आणली होती, चांदीची ताटं काढली होती. आग्रह मात्र एकदाही केला नाही. मी यांना आत बोलावून विचारलं तर म्हणाले, "आबासाहेबांना आमच्या घरचं चालत नसेल. नोकरदाराचं घर आहे." त्यांना वाटलं आबा त्यांना कमी लेखतात. आबांना वाटत होतं आपण त्यांचा मान राखतो. आणि दोघांच्या मध्ये मी, मासळी झाकून ठेवत.

आणि नातवंड. तेही सांगते. दोनदा दिवस गेले होते, शिवू. दोन्ही वेळा राहिलं नाही. आईला एकदाचंच माहीत आहे. दुसऱ्या वेळी हे माझ्या पलंगाशी रात्रभर खुर्ची घेऊन बसले होते, पण हात धरला नाही. बहुधा कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. तू रडू नकोस, माझं रडून झालंय.

मग आम्ही आबांना रुवीला सोडायला निघालो. मागच्या सीटवर आबांना भोवळ आल्यासारखं झालं. यांनी गाडी एका बोळात घातली. तिथे बाबामियाँचं छोटं हॉटेल आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पंखा. मला पत्ताच नव्हता की हे तिथे जातात. बाबामियाँ गल्ल्यावरून ओरडले, "आओ इंदरभाई, बहुत दिन बाद! ये कौन, अब्बा हैं?" मी यांच्या तोंडाकडे बघितलं. हे म्हणाले, "हाँ, अब्बा हैं. पहले पानी दो." जग त्यांनी स्वतः घेतला, ग्लास भरला, आबांच्या तोंडाला लावला. आबा गटागटा प्यायले. दुसराही प्यायले. मग खिमा आला, परोटे आले, एकाच थाळीत तिघं जेवलो. हे बोटं चाटत आबांना बेदाण्याची प्रतवारी विचारत होते, आबा हातवारे करून सांगत होते, "तसं न्हवं ओ जावयबापू, हिरवा येगळा, पिवळा येगळा!" हे इतके मोठ्याने हसले की मी घास तसाच धरून बघत राहिले. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी हा माणूस पाहिलाच नव्हता. मला तो फार आवडला.

आबांना सांग, यांनी त्यांना अब्बा म्हटलं ते खोटं नव्हतं. बाकी पत्र दाखवू नकोस.

परत येताना मी गाडीत गप्प होते, कारण बोलले असते तर ते संपलं असतं. घराचं फाटक उघडलं, आणि ते म्हणाले, "आपण दमला असाल." संपलंच.

त्यानंतर मी एकदा म्हटलं, परत बाबामियाँकडे जाऊ या. ते म्हणाले, "आपल्याला तिथे बसणं शोभणार नाही." त्यांना माझी लाज वाटत नाही, उलट. ते मला इतक्या उंचावर ठेवतात की तिथे माझ्याशी बोलायला कोणी उरत नाही.

कौशिकराजे सज्जन आहेत. दोन दसऱ्यांना पाहिलंय मी त्यांना. दिसायलाही चांगले. माझे हेही सज्जन आहेत, हीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर मी कधीच बॅग भरून आपल्या घरी आले असते आणि आबांनाही काही म्हणता आलं नसतं.

काल सकाळी न्याहारीला मी यांना तुझा प्रश्न वाचून दाखवला. मला वाटलं, ते घराण्याची बाजू घेतील, मग मला भांडता येईल. खरं सांगू, मी भांडायची पूर्ण तयारी करून बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्या बहिणींना नको म्हणायला सांगा."

मी विचारलं, "का?"

"आपल्याला माहीत आहे."

एवढं बोलून ते ऑफिसची बॅग भरायला गेले. काल तर सुट्टी होती.

तेव्हा शिवू, नको म्हण. आबा रागावतील, आई दोन दिवस जेवणार नाही, गावात बोलतील. ते सगळं मी येऊन निस्तरीन. ज्याच्यासमोर तुला मोठ्याने हसता येईल, जो ताप आल्यावर तुला "ए शिवे, गप पड" म्हणेल, असा बघ. बेदाणेवाला असला तरी चालेल.

नऊ वर्षांत या घरात आम्हा दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते तू या घराण्यात येऊ नयेस यावर. तेवढं तरी वाया जाऊ देऊ नकोस.

तुझी, तांदळात लिहायच्या आधीची,
तृप्ती