गावपळणीचं इंजिन

आचरा, ता. १० नोव्हेंबर

चि. उर्वशीस गुणाकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती शिटी ऐकू येते. चाळीस वर्षं मासेमारीच्या मचव्यांची इंजिनं दुरुस्त करून कान गेले, म्हणून हे पत्र. तू पुण्यात इंजिनांच्या कारखान्यात आहेस, तेव्हा विचारणार तरी कुणाला?

आपल्या ज्या जुन्या व्हॅनमध्ये मी पलंग, चूल नि संडास बसवला, तिचं डिझेल इंजिन खाडीच्या पुलावर उकळून जाम झालं. मुळात इंजिनच कुचकामी. यंदा गावपळण आहे. देवाचा कौल झाला, मार्गशीर्षात तीन दिवस सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहणार. खुब्याच्या ऑपरेशननंतर तुझ्या गंगूकाकीला झावळ्यांच्या खोपीत जमिनीवर बसता येत नाही. व्हॅन चालली नाही तर तिला एकटीला मालवणात लेकीकडे, संचिताकडे धाडावं लागेल. ती एकच म्हणते, माका गावाबरोबरच जावचा आसा.

पडवीत मचव्याचं जुनं इंजिन पडलंय, तेच बसवू म्हणतो. लवकर लिही.

तुझा,
गुणाकाका

पुणे, ता. १४ नोव्हेंबर

ती. गुणाकाकांस सा. न. वि. वि.

मचव्याचं इंजिन व्हॅनला? धन्य आहे तुमची! ते दर्याचं पाणी ओढून थंड राहतं. वेशीबाहेर त्याला दर्या कुठून पाजणार? शिवाय वजन एवढं की व्हॅन नाकावर बसेल.

उरले दोन मार्ग. एक, नवं कॉम्प्युटरवालं इंजिन. ताकद दुप्पट, पण गिअरबॉक्स, वायरिंग सगळं बदलावं लागेल आणि मार्गशीर्ष उलटून जाईल. दुसरा, आहे त्याच जातीचं, कोल्हापुरात नव्यासारखं केलेलं इंजिन. जुन्याच बोल्टांवर बसेल, आरटीओची परवानगीही सोपी. पण तुमचं जुनं आपोआप मेलं असेल तर तसलंच मी काकीखाली ठेवणार नाही. म्हणून खरं सांगा काका, रेडिएटरमध्ये काय होतं?

काकीला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपली,
उर्वशी

आचरा, ता. १८ नोव्हेंबर

चि. उर्वशीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शिमग्यापासून पाणी कमी झालं की मी खाडीचंच भरत होतो. मचव्याची इंजिनं जन्मभर खारं पाणी पितात, हिला काय धाड भरलीय, असं वाटलं. काल रेडिएटर खोलला तर आत गंजाचा लगदा. इंजिन बिचारं चांगलं होतं, मीच त्याला मारलं. आजवर गावाला इंजिनं शिकवली आणि आता ही लाज. तुझ्या काकीला मात्र कळवू नकोस.

तुझा,
गुणाकाका

पुणे, ता. २२ नोव्हेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

शाबास काका! आता शंकाच नाही. त्याच जातीचं इंजिन घ्यायचं. मी स्वतः कोल्हापूरला जाऊन चालवून पाहिलं, धूर नाही, आवाज एकसुरी. नव्या रेडिएटरसह शनिवारी पोचेल. बसवायला तुमच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा नाही. काकीला मी काही बोलणार नाही.

लोभ आहेच, तो इंजिनाहून जास्त टिकावा.

आपली,
उर्वशी

वेशीबाहेर, ता. १५ डिसेंबर

चि. उर्वशीस भरपूर आशीर्वाद.

काल गावाबरोबर निघालो. इंजिन पहिल्या चावीत सुरू झालं. कानांना कळलं नाही, पण बॉनेटवर हात ठेवला तेव्हा कळलं. तुझी निवड पक्की. चढावर गावातल्या बाबूची रिक्षा मागे टाकली, हे त्याला चारचौघांत सांगितलंसुद्धा.

तुझी काकी पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर तांब्याची कळशी, वर पान झाकलेलं. तीन दिवसांसाठी देवाचं तीर्थ घेतलं असेल, असं मला वाटलं. चढ संपल्यावर तिने कळशी माझ्याकडे सरकवली आणि मला ऐकू यावं म्हणून सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, की ह्यां विहिरीचां पाणी आसा, खाडयेचां नाय.

तू शब्द पाळलास, जाणतो; खाडीचं पाणी भरताना तिनेच मला पाहिलं असणार. आता पलंगावर बसून शेजारणींना तेच सांगतेय आणि हसतेय. हसू दे. गावाबरोबर आहे ना ती.

तुझ्यावर कायम जीव असलेला,
गुणाकाका