सोळातले चौदा जीबी

रविवार संध्याकाळ, पुसद

विहिरींच्या पाण्याचं मॉडेल एकदाचं चालू झालं. ते लिनक्सवरच चालतं, म्हणून दुपारभर लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक, बसवत होते. सोळा जीबी रॅममधली चौदा त्यालाच दिली आणि अख्खा लॅपटॉपच गोठला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उद्या सरांना निकाल दाखवायचा आहे. रडूच आलं.

बाबा शेजारी येऊन बसले. "सगळं त्यालेच देलं, तं बाकीचं कायच्यावर चालन?"

दहा दिली. चाललं!

मग त्यांना राजूरची आमची एकच खोली आठवली. ते तिथे कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. घरी खाणीचा नकाशा पसरला की खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मी त्याचे कोपरे दाबून बसायचे. किती आवडायचा तो नकाशा मला! आई मात्र स्टोव्ह उचलून अंगणात जायची, उन्हाळ्यातसुद्धा. तिच्यासाठी जागाच उरत नसे, हे आजवर कसं लक्षात आलं नाही? तिला जाऊन चार वर्षं झाली.

मी विचारलं, "आई कधी काही बोले नाही काय?"

बाबा म्हणाले, "म्या कधी इचारलंच नाही."

मी तरी कुठे विचारलं होतं?